‘अवेट’ लावूनही क्वेरीचा निकाल रिकामा का येतो?

तुमचा प्रश्न असा आहे की, नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारे साधन) पोस्टग्रेस या डेटाबेसमधून ऑर्डरींची यादी आणल्यावर ‘फॉरईच’च्या (यादीतील प्रत्येक घटकासाठी एक फंक्शन चालवणारी पद्धत) आत ‘अवेट’ (निकाल येईपर्यंत थांब, अशी सूचना) लावून प्रत्येक ऑर्डरचा ग्राहक शोधला, तरी ब्राउझरकडे रिकामा अ‍ॅरे जातो आणि टर्मिनलवर मात्र सगळी नावे दिसतात.

तुमच्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसकडे केलेल्या मागणीत, काहीही चूक नाही. टर्मिनलवरील ओळींचा क्रम नीट पाहा: ‘उत्तर पाठवले’ ही ओळ आधी आणि नावे तिच्यानंतर आलेली दिसतील. ‘असिंक’ फंक्शन (ज्याच्या आत ‘अवेट’ वापरता येते) पहिल्या ‘अवेट’पाशी पोचले की बोलावणाऱ्याच्या हाती एक अपूर्ण प्रॉमिस (नंतर मिळणाऱ्या निकालाची हमी) देते, आणि ‘फॉरईच’ ते प्रॉमिस तिथेच सोडून पुढच्या ऑर्डरकडे वळते. त्यामुळे थांबते ते केवळ आतले छोटे फंक्शन. बाहेरचे फंक्शन तोवर रिकामा अ‍ॅरे पाठवून मोकळे झालेले असते.

‘फॉरईच’ऐवजी ‘फॉर-ऑफ’ लूप वापरल्यास क्वेरी एकामागून एक पूर्ण होतील. ‘मॅप’ने सगळी प्रॉमिसे गोळा करून ‘प्रॉमिस डॉट ऑल’वर ‘अवेट’ केल्यास त्या एकाच वेळी सुरू होतील आणि निकाल मूळ यादीच्याच क्रमाने मिळतील. मात्र त्यातली एक क्वेरी फसली तरी उरलेल्या चालूच राहतात, हे विसरू नका. खरे तर तुमच्या कामासाठी मी या दोन्ही वाटा सुचवणार नाही. 200 ऑर्डरींसाठी 201 क्वेरी पाठवण्यापेक्षा ऑर्डर आणि ग्राहक या टेबलांचा ‘जॉइन’ (जोडणी) करणारी एकच क्वेरी लिहा, म्हणजे हा लूपच उरणार नाही.

जिथे लूप टळत नाही, तिथे ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र पक्के किंवा एकत्र रद्द होणारा क्वेरींचा गट) असेल तर विशेष जपा. मालाचा साठा वजा करणाऱ्या एका कामात मी ‘बिगिन’ (सुरुवात), ‘अपडेट’ (बदल) आणि ‘रोलबॅक’ (बदल रद्द) हे तिन्ही थेट पूलवर (डेटाबेसच्या तयार कनेक्शनांचा संच) चालवले होते. चूक आल्यावर रोलबॅक झाला असे लॉगमध्ये दिसत होते, पण साठा कमी झालेलाच राहिला, कारण पूल प्रत्येक क्वेरीला वेगळे कनेक्शन देऊ शकतो आणि रोलबॅक भलत्याच कनेक्शनवर गेला होता. ते शोधण्यात माझे दोन दिवस गेले. तेव्हापासून मी पूलकडून एकच क्लायंट (एक ठरावीक कनेक्शन) मागून घेतो, ट्रान्झॅक्शनमधील सर्व क्वेरी त्याच्यावरच क्रमाने चालवतो आणि ‘फायनली’मध्ये (चूक आली तरी शेवटी चालणारा भाग) तो परत करतो.

‘ट्राय’च्या (ज्यातील चूक ‘कॅच’ पकडतो तो भाग) आत क्वेरीचे प्रॉमिस ‘अवेट’ न करता तसेच ‘रिटर्न’ करत असाल, तर तेही आजच बदला. तसे केल्यास क्वेरीतील चूक त्या ‘कॅच’मध्ये येत नाही, आणि क्वेरी संपण्याआधीच ‘फायनली’ चालून क्लायंट पूलमध्ये परत जातो. ‘रिटर्न’नंतर ‘अवेट’ हा एक शब्द लिहिला की या दोन्ही अडचणी दूर होतात.