वाचकांचे प्रश्न : रक्त आणि ऊतींमधले अँटिऑक्सिडंट मोजताना

प्रश्न : शेळ्यांचे रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळ्यांत घेतले आणि प्लाझ्मावर फ्रॅप चाचणी (एकूण अँटिऑक्सिडंट क्षमता मोजणारी) केली. निळा रंग जेमतेम आला, सगळे आकडे तळाशी. अभिकर्मक दोनदा नव्याने बनवला, तरी तेच. नमुने फुकट गेले का?

अभिकर्मकात दोष नाही, दोष नळीत आहे. फ्रॅपमध्ये फेरिक लोहाचे फेरस होते आणि ते टीपीटीझेड या रंग देणाऱ्या रसायनाशी जुळून ५९३ नॅनोमीटरला निळा रंग देते. ईडीटीए लोहालाच धरून ठेवतो, मग रंग कशाचा येणार? सायट्रेटच्या नळ्याही याच कारणाने टाळाव्यात. फ्रॅपसाठी हेपारिनचा प्लाझ्मा किंवा सीरम घ्या. अभिकर्मक त्याच दिवशी मिसळा : ३०० मिलिमोलर अॅसिटेट बफर (पीएच ३.६) दहा भाग, ४० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लातले १० मिलिमोलर टीपीटीझेड एक भाग, २० मिलिमोलर फेरिक क्लोराइड एक भाग. ३७ अंशांवर ठेवून बरोबर चौथ्या मिनिटाला वाचन घ्या. रंग पुढेही हळूहळू चढत राहतो. त्यामुळे एका नमुन्याला चार आणि दुसऱ्याला नऊ मिनिटे मिळाली, तर त्यांची तुलनाच होत नाही.

नमुने मात्र फेकू नका. एमडीए (मॅलॉनडायाल्डिहाइड, चरबीच्या ऑक्सिडेशनची खूण) आणि ई जीवनसत्त्वासाठी ते चालतात. एमडीएसाठी तर ईडीटीए हिताचाच, कारण मोकळे लोह बांधले गेले की साठवणीत नवे ऑक्सिडेशन कमी होते. धुतलेल्या लाल पेशी राखल्या असतील, तर त्यांच्यातली एन्झाइमेही मोजता येतील.

प्रश्न : प्लाझ्मातील ग्लुटाथायोनचे (पेशींतल्या एका अँटिऑक्सिडंटचे) आकडे एकाच गटात पाचपट फरकाने येतात. डीटीएनबीची (थायॉल म्हणजे गंधकाच्या गटाशी पिवळा रंग देणाऱ्या रसायनाची) पद्धत इतकी कच्ची आहे का?

पद्धत कच्ची नाही. तुम्ही बहुधा लाल पेशींतले ग्लुटाथायोन मोजत आहात. लाल पेशीत ते मिलिमोलर पातळीवर असते आणि प्लाझ्मात काही मायक्रोमोलरच. हिशेब करा : पेशींचे प्रमाण ४० टक्के, पेशीत २ मिलिमोलर. शंभरातली एकच पेशी फुटली, तरी प्लाझ्मात सुमारे १३ मायक्रोमोलरची भर पडते. मुळात तिथे जेवढे असते, त्याहून ही भर जास्त!

म्हणून सुई काढून मगच सिरिंजमधले रक्त नळीच्या कडेने सोडा, नळी हलक्या हाताने उलटसुलट करा, झटकू नका. बर्फात ठेवून अर्ध्या तासात प्लाझ्मा वेगळा करा. गुलाबी छटा डोळ्यांना दिसेपर्यंत थांबू नका. प्रत्येक प्लाझ्माचे ४१४ नॅनोमीटरला वाचन घेतले की हिमोग्लोबिन पकडले जाते. आमचे मत विचाराल, तर जनावरांच्या अभ्यासात प्लाझ्माऐवजी लाल पेशींतले किंवा पूर्ण रक्तातले ग्लुटाथायोन मोजावे आणि ते हिमोग्लोबिनच्या ग्रॅममागे लिहावे.

आणखी दोन चुका नेहमी दिसतात. आम्लाने प्रथिने खाली बसवल्यावर वरच्या द्रवाचा पीएच बफरने पुन्हा ८ च्या आसपास आला नाही, तर पिवळा रंग पुरता खुलत नाही आणि ४१२ नॅनोमीटरचे वाचन कमी भरते. दुसरे, ऊती वाटण्याच्या बफरमध्ये मर्कॅप्टोइथेनॉल किंवा डीटीटी (दोन्ही थायॉलच) असेल, तर डीटीएनबी त्यांनाही ग्लुटाथायोनच समजतो. आकडा आभाळाला टेकतो.

ऑक्सिडाइझ्ड ग्लुटाथायोनही हवे असेल, तर रक्त घेतल्या क्षणी त्यात ग्लुटाथायोनला लगेच बांधणारे एन-इथाइलमॅलिमाइड घाला. आम्ल आधी घातले, तर हिमोग्लोबिनच्या संगतीने नळीतच ग्लुटाथायोनचे ऑक्सिडेशन होते आणि जनावरात नसलेला ताण कागदावर उमटतो.

प्रश्न : यकृतातील एमडीए टीबीए (थायोबार्बिट्युरिक आम्ल) पद्धतीने मोजायचे आहे. तुकडा काढण्यापासून हिशेबापर्यंत सांगाल का?

सुरुवात रक्त काढून टाकण्यापासून करा. थंड ०.९ टक्के मिठाच्या पाण्याने यकृत शिरेवाटे धुऊन फिकट करा. ते शक्य नसेल, तर तुकडे करून त्याच थंड पाण्यात दोन-तीनदा खळबळून टिपकागदावर कोरडे करा. आत राहिलेले हिमोग्लोबिन रंग देते आणि उकळताना त्याचे लोह नवे एमडीए तयार करते.

१ ग्रॅम यकृत ९ मिली थंड १.१५ टक्के पोटॅशियम क्लोराइडमध्ये टेफ्लॉन दांड्याच्या होमोजिनायझरने, नळी बर्फात ठेवून, वाटा. सुक्रोजचे बफर इथे नको : साखरही टीबीएबरोबर रंग देते. १ मिली होमोजिनेटला २ टक्के बीएचटीच्या (ऑक्सिडेशन रोखणाऱ्या रसायनाच्या) इथेनॉलमधल्या द्रावणाचे १० मायक्रोलिटर लावा. बीएचटी विसरलात, तर पुढच्या उकळीत चरबीचे ऑक्सिडेशन चालूच राहते आणि तुम्ही जनावराऐवजी पाण्याच्या डब्याचा परिणाम मोजता. मग २ मिली अभिकर्मक घाला. त्यात १५ टक्के टीसीए (ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल), ०.३७५ टक्के टीबीए आणि ०.२५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल असते. टीबीए सहज विरघळत नाही, किंचित कोमट करावे लागते.

उकळत्या पाण्यात १५ मिनिटे, झाकण सैल पण तोंड बंद. थंड करून १००० जी वर १० मिनिटे फिरवा. वरचा गुलाबी द्रव ५३५ नॅनोमीटरला वाचा. कोऱ्या नळीत होमोजिनेटखेरीज सगळे असावे. शिवाय टीबीए नसलेली, पण नमुना असलेली एक नळीही ठेवा. नमुन्याचा स्वतःचा रंग तिनेच कळतो आणि नेमकी तीच बहुतेक जण गाळतात.

हिशेब सोपा आहे. रंगाचा शोषण गुणांक १.५६ × १०⁵, म्हणजे १ मायक्रोमोलरला ०.१५६. समजा वाचन ०.३१२ आले : २ मायक्रोमोलर, ३ मिलीमध्ये ६ नॅनोमोल. ते ०.१ ग्रॅम यकृतातून आले, म्हणून ग्रॅममागे ६० नॅनोमोल. हा आकडा 'टीबीएशी रंग देणारे पदार्थ' म्हणूनच लिहा. नुसते एमडीए म्हणायचे, तर गुलाबी संयुग एचपीएलसी यंत्राने वेगळे करून मोजावे लागते.

तुकडे लगेच वाटायचे नसतील, तर उणे ८० अंशांवर ठेवा. उणे २० वर चरबीचे ऑक्सिडेशन थांबत नाही, केवळ मंदावते.

प्रश्न : कॅटॅलेज (हायड्रोजन पेरॉक्साइड फोडणारे एन्झाइम) मोजताना वाचन सरळ रेषेत उतरत नाही, क्युव्हेटमध्ये बुडबुडे येतात.

नमुना फार दाट आहे. ऑक्सिजन इतक्या वेगाने सुटतो, की बुडबुडे प्रकाशाच्या वाटेत येतात. वाचन ३० सेकंदांत मंद, सरळ उतरेल इतका नमुना पातळ करा. यकृताला आणि लाल पेशींना शेकडोपट पातळ करावे लागले, तरी नवल नाही. पेरॉक्साइडही तपासा : ३० टक्के द्रावणाचे ०.३४ मिली १०० मिली बफरमध्ये घातले की साधारण ३० मिलिमोलर होते. क्युव्हेटमध्ये ते १० मिलिमोलर उरते तेव्हा २४० नॅनोमीटरला सुमारे ०.४३६ दिसायला हवे. कमी दिसले, तर बाटली जुनी झाली. क्युव्हेट क्वार्ट्झचाच घ्या. आणि बफर टिकावा म्हणून कुणी सोडियम अझाइड घातले नाही ना, ते विचारा. ते कॅटॅलेजला ठप्प करते.

प्रश्न : आजारी कोंबड्यांमध्ये फ्रॅप निरोगी कोंबड्यांपेक्षा जास्त आला. हे कसे?

यूरिक आम्ल. पक्ष्यांत नायट्रोजन त्याच वाटेने बाहेर पडतो. मूत्रपिंड बिघडले किंवा शरीरातले पाणी कमी झाले, की रक्तात ते चढते. फ्रॅपमध्ये यूरिक आम्लाचा एक रेणू दोन लोह-आयन मोजून देतो. लिटरमागे ३०० मायक्रोमोल वाढले, तर फ्रॅप ६०० ने वाढेल आणि तो बचाव नव्हे. त्याच नमुन्यात यूरिक आम्ल वेगळे मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी छापा. कोंबडीच्या लाल पेशींना केंद्रक असते, हेही ध्यानात ठेवा. पाण्याने फोडल्या की डीएनएचा चिकट गोळा होतो, पिपेट चालत नाही. तो फिरवून खाली बसवा आणि वरचाच द्रव वापरा.

प्रश्न : गाईंना सेलेनियम सुरू करून दोन आठवडे झाले, पण रक्तातील ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हलत नाही.

हलणारही नाही. हे सेलेनियमवर चालणारे एन्झाइम लाल पेशी घडताना तिच्यात भरले जाते आणि गाईची लाल पेशी चार-पाच महिने जगते. लवकर फरक पाहायचा तर प्लाझ्मातले सेलेनियम मोजा. एन्झाइमसाठी पुन्हा नमुना घ्यायचा, तो दोन-तीन महिन्यांनी. तेव्हा हेमोलायसेटमध्ये (फोडलेल्या लाल पेशींच्या द्रवात) हिमोग्लोबिनला बांधणारे ड्रॅबकिनचे द्रावण घालायला विसरू नका, नाहीतर हिमोग्लोबिन स्वतःच पेरॉक्सिडेजसारखे वागते आणि ३४० नॅनोमीटरची उतरण खोटी दिसते.