ज्येष्ठांसाठी सोपा मोबाइल: मोठी बटणं, मोठी अक्षरं आणि एसओएस एवढं पुरेसं आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून सत्तरीच्या आसपासच्या लोकांसाठी सोपा मोबाइल करायचा आहे, मोठी बटणं, मोठी अक्षरं आणि एसओएस (संकटात मदत मागण्याचं) बटण दिलं की काम झालं का?

नाही. या तिन्ही गोष्टी बाजारातल्या स्वस्तातल्या ‘सीनियर’ कीपॅड फोनमध्येही असतात, तरी ते फोन कपाटात पडून राहतात. बटण दिसत नाही ही तक्रार कमी असते. ‘काहीतरी दाबलं गेलं आणि आता फोनच येत नाही’ ही खरी तक्रार. म्हणून आधी एक यादी करा: कुठल्या चुकीच्या स्पर्शाने फोन मुका किंवा बंद पडतो? विमान मोड लागणं, आवाज शून्यावर जाणं, कीपॅड फोनवर # दाबून धरल्यावर सायलेंट होणं, बोलताना गाल लागून म्यूट किंवा होल्ड होणं, नातवाचा नंबर ब्लॉक यादीत जाणं. यातलं प्रत्येक कारण एकतर मुळातच अशक्य करा, नाहीतर फोनने ते ठरावीक वेळाने स्वतःहून पूर्ववत करावं. सायलेंट मोड दोन तासांनी आपोआप सुटला तर बऱ्याच घरांतली रोजची चिडचिड संपेल.

तुमच्याकडे फोनचा साचा बनवण्याइतका पैसा नसणार, त्यामुळे हार्डवेअरच्या मागे न लागता अँड्रॉइडवर लाँचर, म्हणजे फोनची मुख्य स्क्रीन चालवणारं अॅप, करा. साधा लाँचर पुरत नाही, कारण वरून बोट ओढलं की झटपट सेटिंग्जचा पडदा खाली येतो आणि विमान मोड तिथेच बसलेला असतो. अ‍ॅपला डिव्हाइस ओनर करा, म्हणजे फोनवर पूर्ण ताबा द्या. फॅक्टरी रीसेट केलेल्या फोनवर, गुगल खातं घालण्याआधी, एडीबीवरून (संगणकावरून फोनला आज्ञा देण्याचं साधन) ते करता येतं; आधी खातं घातलंत तर आज्ञा नाकारली जाते. मग लॉक टास्क मोडमध्ये, म्हणजे फोन ठरावीक अॅपमध्येच अडकवून ठेवल्यावर, तो पडदा उघडत नाही, आणि अँड्रॉइड 9 पासून विमान मोडवर बंदीही घालता येते. एक खड्डा मात्र सांभाळा. आवाज बदलण्यावर बंदी घालण्याची जी सोय आहे, ती लावली की फोनचा आवाजच बंद होतो. त्याऐवजी रिंगचा आवाज ठरावीक पातळीखाली गेला की अ‍ॅपने तो परत वर न्यावा.

कॉल घेणं ही एकच क्रिया नीट जमली तरी निम्मा प्रकल्प झाला असं मी म्हणेन. नेहमीच्या अँड्रॉइड फोनवर स्क्रीन बंद असेल तर कॉल घ्यायला बोट सरकवावं लागतं, आणि फोन वापरात असेल तर वरच्या पट्टीवर टिचकी मारावी लागते. एकाच कामाच्या दोन रीती शिकवल्या की माणूस दोन्ही विसरतो. तुमचं अ‍ॅप फोनचं मुख्य डायलर (कॉल लावणारं आणि घेणारं अॅप) म्हणून नेमून घ्या आणि कॉल नेहमी पूर्ण पडद्यावरच दाखवा: वर नाव आणि फोटो, खाली दोन बटणं, हिरवं आणि लाल, मध्ये किमान एका बटणाएवढी मोकळी जागा. रंगावर विसंबू नका, बटणावर ‘बोला’ आणि ‘नको’ असं लिहा.

स्पर्शाचं गणित तरुण बोटांपेक्षा वेगळं असतं. बटणासाठी अँड्रॉइड किमान 48 डीपी (स्क्रीनवरच्या मापाचं एकक) सांगतं, म्हणजे सात ते नऊ मिलिमीटर. ज्येष्ठांसाठी मी 14 मिलिमीटरच्या खाली जाणार नाही आणि दोन बटणांत तीन मिलिमीटर तरी सोडेन. पण आकाराइतकाच वेळ महत्त्वाचा. उतारवयात बोट काचेवर जास्त वेळ टेकलेलं राहतं, फोन त्याला ‘दाबून धरलं’ समजतो आणि चिन्हं हलवण्याचा किंवा काढून टाकण्याचा मेनू उघडतो. तुमच्या लाँचरमध्ये दाबून धरण्याला काहीच अर्थ ठेवू नका. फोनच्या सुलभता सेटिंगमध्येही हा अवधी ‘लांब’ करून ठेवा. हात थरथरत असेल तर एकाच बटणावर दोन टिचक्या पडतात, म्हणून पहिलीनंतर साधारण अर्धा सेकंद पुढचे स्पर्श सोडून द्या. कोरड्या, सुरकुतलेल्या त्वचेची नोंद काच कमी घेते. त्यावर जाड टेम्पर्ड ग्लास चिकटवली की आणखी कमी. हीच काच वरचा प्रॉक्सिमिटी सेन्सर (फोन कानाजवळ आहे हे ओळखणारा) झाकत असेल तर फोन कानापासून दूर नेला तरी कॉलमध्ये स्क्रीन काळीच राहते आणि कॉल बंद करायचं बटण दिसत नाही. स्पर्श दिसावा, ऐकू यावा आणि कंपनातून जाणवावाही. जपानमध्ये डोकोमो या मोबाइल कंपनीच्या ज्येष्ठांसाठीच्या ‘राकु-राकु’ फोनमालिकेची सुरुवात 1999 सालची. तिच्या टचफोनमध्ये ते बनवणाऱ्या फुजित्सूने हलका स्पर्श म्हणजे फक्त निवड आणि जोर देऊन दाबणं म्हणजे कृती अशी सोय केली होती. त्याच मालिकेत समोरच्याचं बोलणं थोडं संथ करून ऐकवण्याची सोयही होती. ती कल्पना अजून पुरेशी कुणी उचललेली नाही.

ऐकण्याबद्दल विद्यार्थी सहसा फक्त आवाज वाढवतात. वयानुसार आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात, साधारण 2000 हर्ट्झच्या पुढचे. स, श, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख तिथेच असते, म्हणून ‘आवाज येतो पण शब्द कळत नाही’ असं होतं. नुसता आवाज वाढवला तर स्वर कर्कश होतात, व्यंजनं तशीच राहतात. बोलण्यातला 2 ते 4 किलोहर्ट्झचा भाग उचला. रिंगटोन उलट खालच्या पट्टीची, 500 ते 1500 हर्ट्झमधली हवी. पक्ष्यांच्या किलबिलाटाची रिंग सुंदर असेल, ऐकू येणार नाही. जुन्या 2जी कॉलमध्ये 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज जातो, 4जीवरच्या एचडी व्हॉइसमध्ये 50 ते 7000. त्यामुळे कीपॅड फोन सुचवायची वेळ आली तरी तो 4जीच सुचवा. जिओचं सिम तर 2जी फोनमध्ये चालतच नाही.

डोळ्यांकडे येऊ. साठीत बाहुली लहान झालेली असते, भिंग पिवळसर झालेलं असतं. डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. काळ्यावर निळी अक्षरं म्हणूनच हरवतात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला कॉन्ट्रास्ट 7:1 च्या खाली नको, आणि आपोआप कमी होणाऱ्या ब्राइटनेसला किमान मर्यादा घाला. देवनागरीची अडचण मात्र इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडत नाही. वर वेलांटी-रफार आणि खाली उकार मावावेत म्हणून अक्षराचा मूळ आकार तेवढ्याच पॉइंटच्या रोमन अक्षरापेक्षा लहान दिसतो. सव्वापट मोठा टाइप घ्या, ओळींमधलं अंतर दीडपट ठेवा, बारीक वजनाचे फाँट टाळा. टाइप वाढवला की बटणात उकार कापले जातात आणि नावाच्या शेवटी तीन टिंबं येतात, म्हणून ‘कुर्ल्याच्या सुमित्राकाकू’ आणि ‘डॉ. कुलकर्णी क्लिनिक’ अशी नावं टाकूनच चाचणी घ्या. फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असतील तर मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवा, नाहीतर हिंदी वळण दिसतं.

आता एसओएस. नियमानुसार 2017 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या कीपॅड फोनमध्ये 5 किंवा 9 दाबून धरल्यावर आणि स्मार्टफोनमध्ये पॉवर बटण तीनदा दाबल्यावर आपत्कालीन कॉल जाण्याची सोय हवी. तेव्हा कीपॅड फोनवर 5 आणि 9 ला मुलाचा किंवा मुलीचा स्पीड डायल देऊ नका. घरच्या नंबरांना क्रमाने फोन लावणाऱ्या एसओएसमध्ये एक नेहमीचा दोष असतो: पहिला नंबर व्हॉइसमेलवर किंवा दुसरीकडे वळवलेला असला तर फोनला वाटतं कॉल लागला, आणि साखळी तिथेच थांबते. उचलणाऱ्याने एक अंक दाबून खात्री दिली तरच थांबायचं, नाहीतर पुढचा नंबर. खिशात चुकून दाबलं जाऊ नये म्हणून तीन सेकंद धरणं आणि त्यानंतर पाच सेकंद मोठ्याने मोजणी, तेवढ्यात रद्द करता यावं. रिचार्ज संपल्यावर घरच्यांना कॉल आणि एसएमएस जात नाहीत, त्यामुळे वैधता संपण्याआधी मुलांच्या फोनवर सूचना जायला हवी. ट्राय या दूरसंचार नियामकाने 2024 च्या डिसेंबरमध्ये फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं. डेटा न वापरणाऱ्यांसाठी तेच पाहा.

इथे तुमच्या फोनचा दुसरा वापरकर्ता दिसतो: सेटिंग करणारा मुलगा किंवा मुलगी, बहुतेक वेळा दुसऱ्या गावात. नंबर बदलणं, रिंगचा आवाज, बॅटरी किती उरली हे त्यांना दुरून करता आणि पाहता आलं पाहिजे. मेसेज आणि फोटो मात्र नाही. तिथे मदत संपते आणि पाळत सुरू होते. फसव्या कॉलच्या भीतीने फक्त ओळखीचेच नंबर आत घेणारी कुलूपबंद यादी करण्याचा मोह होईल. मग गॅस सिलिंडरवाला, पॅथॉलॉजी लॅब, रिक्षावाला कुणाचाच फोन येणार नाही. अनोळखी कॉलला वेगळी, हळू रिंग द्या, पडद्यावर ‘अनोळखी नंबर, ओटीपी सांगू नका’ असं ठळक दाखवा, आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा नंबर संपर्कयादीत आधीच भरून ठेवा.

चाचणीला सहा-सात जण पुरे, पण कॉलेजमधल्या प्राध्यापकांना धरून आणू नका. चष्मा न लावता, उन्हात, ओल्या हाताने आणि टीव्ही चालू असताना कॉल घ्यायला सांगा. मग ते पाहत नसताना फोनचा आवाज बंद करा, चुकीच्या स्क्रीनवर नेऊन ठेवा आणि ‘मुलीला फोन लावा’ एवढंच सांगून गप्प बसा. तीस सेकंदांत कॉल लागला नाही तर लाँचरमध्ये सुधारणा करा, माणसाला शिकवू नका.