व्हिडिओची लिंक डाउनलोड होत नाही, बोलण्याचा मजकूरही निघत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या जुन्या मुलाखतीची लिंक तीन साइटवर टाकून बघितली, एकीवरूनही डाउनलोड झाली नाही, आणि मजकूर काढून देणारं अ‍ॅप 'लिंक चुकीची आहे' म्हणतं. लिंक बहुतेक बरोबरच असेल. तुमच्या फोनवर व्हिडिओ दिसतो तो तुमचं लॉगिन असतं म्हणून. ती साइट मात्र परक्या माणसासारखी येते, तिला आत कोण घेणार? इन्कॉग्निटो विंडो उघडा, तिथं तुमचं लॉगिन नसतं. लिंक तिथं टाका. तिथं व्हिडिओ चालला नाही तर कुठल्याही साइटच्या नादी लागू नका. मी पंधरा रात्री लागलो होतो.

आमचे आप्पा कुस्ती मैदानाचे निवेदक. घरची शेती, पण पन्हाळ्याच्या बाजूला यात्रेचं मैदान असलं की आप्पांना बोलावणं ठरलेलं. लहानपणी स्वतःच्या आजोबांच्या खांद्यावर बसून आप्पांनी कोल्हापूरच्या खासबागेत कुस्त्या बघितल्या होत्या. शाहू महाराजांच्या त्या मैदानात, 1912 साली ते खुलं झालं तेव्हापासून, कुठंही बसा, आखाडा दिसतो. आप्पा म्हणायचे, निवेदन पण तसंच पाहिजे, शेवटच्या माणसाला डाव दिसला पाहिजे.

2018 च्या यात्रेचं मैदान एका छोट्या लोकल चॅनेलवाल्यानं यूट्यूबवर लाइव्ह केलं. मध्येच रेंज गेली, त्यामुळे दोन व्हिडिओ झाले. पहिला 40 मिनिटांचा, दुसरा पावणेदोन तासांचा. दादानं दोन्ही लिंका घरच्या ग्रुपवर टाकल्या. मी त्याच रात्री म्हणालो, उतरवून घेऊया. दादा म्हणाला, "लिंक हाय की ग्रुपवर. कशाला फोन भरतोस?" थोरल्या भावापुढं मी गप्प बसलो.

आप्पा 2021 ला गेले. वर्षश्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी आईला आवाज ऐकायचा होता. लिंक दाबली. एकीवर 'प्रायव्हेट', दुसरीवर 'अनअव्हेलेबल'. आई चष्मा लावून बसली होती, तिला वाटलं नेट गेलंय.

शिरोली एमआयडीसीतली शिफ्ट संपवून रोज रात्री मी साइट धुंडाळायचो. 'कुठलाही व्हिडिओ उतरवा' म्हणणाऱ्या साइटवर जाहिरातींशिवाय हाताला काही लागलं नाही. मशीन शॉपमधल्या एका पोरानं वायटी-डीएलपी हे कॉम्प्युटरवर व्हिडिओ उतरवायचं सॉफ्टवेअर दाखवलं, त्यानंही तेच सांगितलं, प्रायव्हेट आहे. शेवटी यात्रा कमिटीकडून चॅनेलवाल्याचा नंबर काढला आणि मंगळवार पेठेत त्याच्या घरी गेलो. चॅनेल बंद करताना त्यानं जुने लाइव्ह प्रायव्हेट करून ठेवले होते. त्यानं यूट्यूब स्टुडिओ उघडला, व्हिडिओच्या पुढचे तीन ठिपके दाबले, डाउनलोड. चहा संपायच्या आत फाइल पेन ड्राइव्हवर. स्टुडिओतून 720 च्या वर क्वालिटी मिळत नाही, पण आवाज स्वच्छ होता.

पहिला व्हिडिओ मात्र त्यानं डिलीट केला होता. रेंज गेलेला तुकडा कशाला ठेवायचा म्हणून. त्या 40 मिनिटांत आप्पांनी पाच जुन्या पैलवानांना नाव घेऊन आखाड्यात बोलावलं होतं, फेटे बांधले होते आणि एकेकाची गाजलेली कुस्ती सांगितली होती. आईला तेच ऐकायचं होतं. दादा आजही म्हणतो, "मिळाला की शेवटी." नाही मिळाला, दादा. अर्धा मिळाला. तोसुद्धा एका भल्या माणसानं जपला म्हणून, लिंक ग्रुपवर होती म्हणून नव्हे.

तेव्हा 'प्रायव्हेट' दिसलं तर आशा आहे, टाकणाऱ्याला गाठा. 'अनअव्हेलेबल' किंवा 'रिमूव्ह्ड' दिसलं तरी विचारा, त्याच्याकडं मूळ रेकॉर्डिंग असू शकतं. फेसबुकवरचं लाइव्ह असेल तर आणखी घाई करा. 2025 च्या फेब्रुवारीपासून नवं लाइव्ह तिथं 30 दिवसच राहतं.

इन्कॉग्निटोत चालतं आणि तरी उतरत नाही, असं असेल तर वायटी-डीएलपी आधी अपडेट करा. यूट्यूब आतली रचना बदलत राहतं, दोन महिन्यांपूर्वीचं व्हर्जन आज 403, म्हणजे 'परवानगी नाही' असा एरर, देऊ शकतं. 2025 च्या नोव्हेंबरपासून यूट्यूबसाठी सोबत डेनोसारखं जावास्क्रिप्ट चालवणारं काहीतरी टाकावं लागतं. दोन्ही जोडणारं एफएफएमपेग हे सॉफ्टवेअरही पाहिजे, कारण चित्र आणि आवाज वेगवेगळे येतात. ते नसेल तर कधी मुका व्हिडिओ हातात पडतो आणि मजकूर काढणारं अ‍ॅप रिकामं पान देतं. प्लेअरच्या आतून काढलेला लांबलचक पत्ता वापरू नका, तो काही तासांत मरतो.

मजकुरासाठी लिंक देऊच नका, फाइल द्या, आणि फक्त आवाजाची. लिंक देणं म्हणजे उतरवणं आणि लिहिणं ही दोन्ही कामं एकावर सोपवणं. कुठलं फसलं ते कळतच नाही. मी व्हिस्पर वापरलं, ते बोलणं ऐकून मजकूर लिहितं. भाषा मराठी म्हणून सांगितली नव्हती. ते पहिल्या 30 सेकंदांवरून भाषा ठरवतं, आमच्याकडं तिथं नुसती हलगी. त्यानं सगळं हिंदी धरलं. भाषा सांगितल्यावर बरंच सुधारलं, तरी हलगी चालू असलेल्या जागी एकच वाक्य ओळीनं सतरा वेळा आलं. गाणं-वाजप किंवा शांतता असली की ते मनानं लिहितं, असे तुकडे आधी कापा. 'पोकळ घिस्सा' हा कुस्तीचा डाव त्यानं सगळीकडं 'पोकळ किस्सा' केला. 'ढाक' डावाचं 'ढग' झालं. ते सगळं मी हातानं दुरुस्त केलं, कानाला हेडफोन लावून, आईला शेजारी बसवून. "लाल लंगोटवाल्यानं पट काढला, सोडू नको रं पोरा" हे वाक्य तिनंच ओळखलं. तुमच्या आजोबांच्या बोलीतले शब्दही मशीनला कळणार नाहीत, घरातल्या वयस्कर माणसाला सोबत घ्या.

एक राहिलं. दुसऱ्याचा व्हिडिओ परवानगीशिवाय उतरवणं यूट्यूबच्या नियमात बसत नाही, म्हणूनही मी टाकणाऱ्याला विचारा म्हणतोय. लॉगिनच्या कुकीज, म्हणजे ब्राउझरमध्ये साठलेली तुमच्या लॉगिनची खूण, देऊन कधी काम होतं, पण त्या कुठल्याही वेबसाइटला देऊ नका, फक्त स्वतःच्या कॉम्प्युटरवर वापरा. आणि मुलाखत ज्यानं घेतली त्याचा नंबर तुमच्याकडं असेल तर आधी त्याला फोन लावा, सॉफ्टवेअर नंतर बघा.