क्रीडाविषयक प्रश्नोत्तरे : गुणी खेळाडू कुठेही घडतो का?

प्रश्न : मी कराड येथील एका महाविद्यालयात कबड्डी आणि खो-खोचे संघ सांभाळतो. अमेरिकेत शिकणारा माझा भाचा तेथील कॉलेज फुटबॉलविषयी (म्हणजे विद्यापीठांच्या संघांमधील अमेरिकन फुटबॉलविषयी) बोलताना ठामपणे सांगतो की, खेळाडू घडतो तो विद्यापीठाच्या संघातील वातावरणामुळे. मला मात्र वाटते, मुळात गुणी असलेला मुलगा कुठेही चमकेल. आपले मत काय?
— एक क्रीडाशिक्षक, कराड (जि. सातारा)

उत्तर : सर, आपले म्हणणे निम्मे खरे आहे. फुटबॉल प्रशिक्षक निक सेबन यांनी २००७ ते २०२३ या काळात अलाबामा विद्यापीठाला सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली आणि त्यांच्या शिस्तीचे सर्वत्र गोडवे गायले गेले. परंतु देशातील अत्यंत गुणी मुले मोठ्या संख्येने त्यांच्याकडेच येत होती, ही बाब त्या कौतुकात मागे पडते. म्हणून विजय मोजून संघाचे वातावरण जोखू नये. ज्याला अद्याप सामन्यात उतरवलेले नाही, त्या मुलाचे तेथे काय होते, हे पाहावे.

अशाच एका मुलाचे उदाहरण घ्या. जे. जे. वॉट हा फुटबॉलपटू आधी सेंट्रल मिशिगन विद्यापीठात आक्रमणफळीत खेळत असे. तेथील शिष्यवृत्ती सोडून तो २००८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात ‘वॉक-ऑन’, म्हणजे शिष्यवृत्तीविना संघात आलेला खेळाडू म्हणून दाखल झाला. मधल्या काळात त्याने घरोघरी पिझ्झा पोहोचवण्याचे कामही केले. विद्यापीठ बदलल्यामुळे नियमानुसार त्या हंगामात त्याला सामना खेळता येत नव्हता, तेव्हा तो ‘स्काउट टीम’मध्ये राहिला. येत्या शनिवारी ज्यांच्याशी गाठ आहे त्यांच्या चाली सरावात हुबेहूब वठवायच्या आणि आपल्याच मुख्य संघाच्या धडका अंगावर घ्यायच्या, एवढेच या तुकडीचे काम असते. विस्कॉन्सिनमध्ये मात्र या कामगिरीचीही दखल घेतली जाते आणि त्या वर्षीचा स्काउट टीमचा पुरस्कार वॉटला मिळाला. वॉक-ऑन मुलांना घडवण्याची परंपरा तेथे माजी मुख्य प्रशिक्षक बॅरी अल्वारेझ यांच्या काळापासून रुजलेली होती. बचावफळीत स्थिरावलेल्या वॉटला २०११ मध्ये व्यावसायिक लीगच्या निवडीत अकरावा क्रमांक मिळाला. गुण त्याचेच होते. पण मैदानाबाहेरचे ते वर्ष वाया जाऊ न देणारा संघ त्याला लाभला.

पाच वर्षांत चार हंगाम खेळण्याच्या जुन्या नियमामुळे असा धीर धरणे परवडत असे. २०१८ मध्ये ‘ट्रान्सफर पोर्टल’, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, सुरू झाले आणि २०२१ पासून पहिल्या बदलीनंतर वर्षभर बसून राहण्याची अटही गेली, त्यामुळे आता राखीव मुलगा चटकन दुसरीकडे जातो. काही प्रशिक्षक याबद्दल कुरकुरतात; मला त्यात फारसे वावगे दिसत नाही.

आपल्या भाच्याने सांगितली नसेल अशीही एक बाजू आहे. मेरीलँड विद्यापीठात २९ मे २०१८ रोजी सरावात धावताना जॉर्डन मॅकनेअर या १९ वर्षांच्या खेळाडूला उष्माघात झाला आणि १३ जून रोजी तो दगावला. त्याला वेळीच थंड पाण्यात बुडवले गेले नव्हते. पुढील चौकशीत, प्रशिक्षकांच्या भीतीमुळे अनेक खेळाडू तक्रार करण्यास कचरत होते, हे समोर आले. विद्यापीठाने नैतिक व कायदेशीर जबाबदारी स्वीकारली आणि ऑक्टोबरअखेर मुख्य प्रशिक्षकांना पदावरून दूर करण्यात आले. दम लागला असे म्हणणाऱ्या मुलाला ‘नाटकं करू नकोस’ असे सुनावण्याची सवय आपल्याकडील तालमीतही आहे, मैदानावरही आहे. कणखरपणाच्या नावाखाली ती खपून जाते.

तेव्हा आपल्या संघापुरते विचारायचे, तर बाराजणांच्या कबड्डी संघातील राखीव पाच मुलांना सरावात प्रत्यक्ष चढाया किती मिळतात, त्यांच्या चुका कोण समजावून सांगतो, आणि ‘सर, मला बरे वाटत नाही’ असे त्यांतील सर्वांत नवखा मुलगा आपल्याला न घाबरता सांगू शकतो का, हे आधी तपासावे. एप्रिल-मेमध्ये शिबिर घेत असाल, तर सराव सकाळी लवकर उरकावा आणि मैदानालगत बर्फाच्या पाण्याने भरलेले मोठे टब तयार ठेवावे. उष्माघाताची लक्षणे दिसताच मुलाला प्रथम त्या पाण्यात गळ्यापर्यंत बसवून, डोके वर धरून थंड करायचे आणि मग रुग्णालयात न्यायचे, हा क्रम मदतनिसांनाही पाठ असू द्यावा.