चाळिशीनंतर अ‍ॅनिमे बघायचं तर सुरुवात कुठून करावी?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा अकरावीत आहे, दिवसरात्र अ‍ॅनिमे (म्हणजे जपानी कार्टून सिरीज आणि सिनेमे) बघतो, त्याच्या आग्रहाखातर तुम्ही एक तलवारबाजीची सिरीज सुरू केली आणि सहाव्या एपिसोडला सोडून दिली, आणि आता प्रश्न असा की यात आपल्या वयाच्या माणसाने बघण्यासारखं काही आहे का की सगळी मारामारीच. मी सतरा-अठरा वर्षं बघतेय, हॉस्टेलवर रूममेटच्या पेन ड्राइव्हवरून सुरुवात झाली ती अजून चालूच आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही अ‍ॅनिमे आधीच बघितलंय. दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायचा तो मोगली जपानीच होता, निप्पॉन अ‍ॅनिमेशनची १९८९ची ५२ भागांची सिरीज, आपल्याकडे हिंदीत आली आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. आपली अख्खी पिढी अ‍ॅनिमे बघून मोठी झालीय, फक्त तेव्हा त्याला हा शब्द कोणी वापरत नव्हतं.

आता मुद्दा. मुलं ज्या सिरीज सुचवतात त्या वाईट नसतात, त्यातल्या बऱ्याच मलाही मनापासून आवडतात, पण मला अ‍ॅनिमेने धरून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीमुळे, ते म्हणजे रोजचं जगणं किती निगुतीने काढलेलं असतं त्यात. भात शिजतोय, कोणी फळ कापतंय, पाऊस थांबायची वाट बघत कोणी उभं आहे, असल्या गोष्टींवर हे लोक जीव ओततात. म्हणून माझं ऐकाल तर सुरुवात 'ओन्ली यस्टरडे'ने करा. इसाओ ताकाहाता यांचा १९९१चा सिनेमा, स्टुडिओ जिब्ली या जपानी अ‍ॅनिमेशन कंपनीचा. तैको नावाची २७ वर्षांची टोकियोत नोकरी करणारी मुलगी सुट्टी काढून यामागाता या ग्रामीण भागात बहिणीच्या सासरच्यांकडे शेतावर राबायला जाते आणि सगळ्या प्रवासात तिला तिचं पाचवीतलं वर्ष आठवत राहतं, बस, एवढीच गोष्ट. रात्रीच्या गाडीने जाते, पहाटे उतरते आणि तशीच थेट शेतात फुलं तोडायला. ती फुलं म्हणजे करडई!

आमचं गाव बार्शीकडचं. ज्वारीच्या कडेकडेने करडई असायची, काटे असतात म्हणून गुरं आत शिरत नाहीत, आणि काढणी भल्या पहाटे दव असताना, हाताला फडकी गुंडाळून, कारण ऊन चढलं की काटे कडक होतात. आपण ती तेलासाठी आणि फार तर कोवळ्या पानांच्या भाजीसाठी लावतो, तिकडे पाकळ्यांपासून लाल रंग काढतात, बायकांच्या ओठाला लावायचा. सिनेमात ते सगळं काम सावकाश दाखवलंय, तोडणं, धुणं, पायाने तुडवणं, आंबवणं, वड्या करून उन्हात वाळवणं. आणि तिथे तैको सांगते की पूर्वी फुलं तोडताना मुलींची बोटं काट्यांनी रक्ताळायची पण तो रंग त्यांना स्वतःला कधी लावायला मिळायचा नाही. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा इथे पॉज करून बराच वेळ नुसती बसले होते.

नंतर तो मी आईबरोबर बघितला. सबटायटल इंग्रजी, तिला वाचता येत नाहीत, म्हणून थांबवून थांबवून सांगत होते. फुलं दिसल्याबरोबर "अगं ही तर करडई" म्हणाली आणि मग मला सांगायची गरजच उरली नाही, पहाटे का तोडतायत ते तीच मला सांगायला लागली. पुढे एक प्रसंग आहे, तैकोने शाळेच्या नाटकात एका वाक्याचं काम इतकं छान केलेलं असतं की बाहेरचे लोक तिला आपल्या नाटकात घ्यायला घरी विचारायला येतात, घरात सगळे खूश, आणि वडील एका शब्दात नाही म्हणतात, संपला विषय. आई काही बोलली नाही. सिनेमा संपल्यावर भांडी आवरताना म्हणाली, माझं पण खो-खोच्या टीममध्ये नाव आलं होतं, सोलापूरला जायचं होतं, तुझ्या आजोबांनी पाठवलं नाही. मला चौतीस वर्षांत ही गोष्ट माहीत नव्हती.

अननसाचाही एक प्रसंग आहे, घरात पहिल्यांदा अख्खा ताजा अननस येतो, कापायचा कसा ते कोणालाच माहीत नसतं, कापल्यावर तो टणक आणि आंबट निघतो, सगळे एकेक घास खाऊन बाजूला सारतात आणि तैको मात्र हट्टाने खात राहते. कथेच्या दृष्टीने यात काहीच होत नाही, पण माझ्या आवडत्या पाच प्रसंगांत मी हा धरते. एक सांगून ठेवते, चेहरे जरा वेगळे वाटतील, हसताना गालाच्या रेषा उमटतात, कारण मोठ्या तैकोच्या भागात आवाज आधी रेकॉर्ड करून त्यावरून चित्रं काढली होती. दहा मिनिटांत सवय होते.

याच दिग्दर्शकाचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' तुम्हाला इथे दहा जण सुचवतील. १९८८चा, दुसऱ्या महायुद्धात जपानच्या कोबे शहरावरच्या बॉम्बफेकीनंतर उरलेल्या भावाबहिणीची गोष्ट. महान सिनेमा आहे पण त्याने सुरुवात नका करू. मी एकदाच बघितला, परत हिंमत झाली नाही. त्यातली काकू मुलांच्या आईचे किमोनो विकून तांदूळ आणते आणि नंतर स्वतःच्या माणसांना भात आणि या दोघांना पातळ पेज वाढते, तेव्हा मला तिचा इतका संताप आला होता की बाकीचं नीट दिसेना. आता वाटतं की ती पण घाबरलेलीच बाई होती. ताकाहाता स्वतः नऊ वर्षांचे असताना ओकायामावरच्या हवाई हल्ल्यातून वाचलेले, त्यामुळे कुठेही रडवण्यासाठी म्हणून काही केलेलं वाटत नाही.

युद्धकाळाचंच बघायचं असेल तर त्याआधी 'इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड' घ्या, २०१६चा, सुनाओ काताबुची यांचा. हिरोशिमाची सुझू लग्न होऊन कुरे या नौदलाच्या बंदरात येते. अर्धा सिनेमा नुसता संसार, रेशन कमी पडलं की रानभाज्या खुडणं, तांदूळ फुगवून जास्त दिसावा म्हणून केलेले प्रयोग जे चवीला अगदी वाईट लागतात, नणंदेची बोलणी. तुम्ही त्या घरात राहायला लागता आणि मग बॉम्ब पडायला लागतात. १५ ऑगस्ट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर झेंडावंदन येतं ना, इथे १५ ऑगस्ट १९४५ला रेडिओवर शरणागतीची घोषणा होते आणि इतकी शांत सुझू संतापाने आणि रडण्याने कोसळते. त्या वर्षी सोसायटीच्या झेंडावंदनाला मी उभी होते आणि डोक्यात तीच होती.

'इव्हॅन्जेलियन' (१९९५) ही गाजलेली सिरीज मला कॉलेजात अजिबात झेपली नव्हती, शेवटचे दोन भाग बघून चिडले होते, तिशीत परत बघितली तेव्हा मात्र त्यातल्या शिंजी या मुलाची भीती कळली. तुम्ही एवढ्यात नका लागू तिच्या मागे.

मुलाबरोबर बघायचं असेल तर दोन नावं. 'फुलमेटल अल्केमिस्ट ब्रदरहुड', ६४ भाग, कथा पूर्ण होते, उगाच ताणलेली नाही. मेलेल्या आईला परत आणायला निघालेले दोन भाऊ आणि त्याची त्यांनी मोजलेली किंमत. चौथा एपिसोड जेवताना लावू नका, त्यात एक लहान मुलगी आणि तिचा कुत्रा आहे, एवढंच सांगते. मी लॅपटॉप बंद केला होता आणि आठवडाभर पुढे गेले नव्हते.

आणि दुसरं 'फ्रीरेन', २०२३चं, मला वाटतं तुमच्यासाठी हेच. यात तलवारी आहेत, राक्षस आहेत, मुलगा खूश, पण गोष्ट सुरू होते तीच मोहीम संपल्यावर. फ्रीरेन ही एल्फ, म्हणजे माणसांपेक्षा कितीतरी जास्त जगणाऱ्या जमातीतली, हजारच्या वर वर्षं जगलेली, तिच्यासाठी मोहिमेतली मित्रांबरोबरची दहा वर्षं म्हणजे काहीच नाही, निरोप घेऊन निघून जाते आणि पन्नास वर्षांनी परत येते तर मोहिमेचा म्होरक्या हिम्मेल म्हातारा झालेला. मग तो जातो, आणि त्याच्या अंत्यसंस्काराला ती रडते की फक्त दहाच वर्षांची सोबत होती आणि याला ओळखून घ्यायचा प्रयत्नसुद्धा आपण का केला नाही. मी हे बघितलं तेव्हा बाबांना जाऊन चार महिने झाले होते. भजनात ते कुठला अभंग म्हणायचे हे मला तेराव्याला त्यांच्या मित्राकडून कळलं होतं, मी कधी विचारलंच नव्हतं. तो पहिला भाग मी तेव्हापासून कितीदा बघितलाय सांगता येणार नाही.

भाषा जपानीच ठेवा, खाली सबटायटल, ओपनिंगचं गाणं निदान पहिल्यांदा तरी स्किप करू नका. आणि फ्रीरेनचे पहिले चार भाग एकाच रात्री सलग बघा, जपानमध्ये टीव्हीवर पण ते चार एकत्रच दाखवले होते, मुलाला शेजारी बसवा आणि मध्ये कुठे अडलं तर त्यालाच विचारा.