रान सोडणं आणि रान राखणं

एका वाचक बाईंनी विचारलं आहे: “आमच्या निसर्गगटासाठी माहितीपत्रक लिहिते आहे. त्यात ‘रीवाइल्डिंग’साठी ‘पुनर्वन्यीकरण’ हा शब्द घातला, तर मसुदा वाचणाऱ्या दोघांनी तो ‘पुनर्वनीकरण’ असा वाचला आणि झाडं कधी लावायची म्हणून विचारलं. दुसरा चांगला शब्द आहे का? आणि ‘लोकसहभागातून निसर्ग पुनर्स्थापना’ हे शीर्षक ठीक वाटतं का?”

त्या दोघांचं काही चुकलं नाही. रीवाइल्डिंग म्हणजे एखादी जागा निसर्गाच्या हाती परत देणं. ‘वनीकरण’ म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे खड्डे, रोपं आणि ओळीत लावलेली झाडं येतात. ‘पुनर्वनीकरण’ म्हणजे तोडलेल्या जागी पुन्हा झाडं लावणं. त्यात एक ‘य’ जोडून तयार झालेला शब्द छापून आला, तर वाचणारा तो ‘य’ गिळून पुढे जाणारच. दोन शब्दांचे अर्थ जवळजवळ उलटे असताना त्यांच्यात एवढंसंच अंतर ठेवणं धोक्याचं आहे. रीवाइल्डिंगमध्ये झाडं लावायची नसतात असं नाही, पण पुष्कळ ठिकाणी ती मुद्दाम लावत नाहीत; जमिनीत पडलेलं बी, पाखरांनी टाकलेलं बी आणि जिवंत राहिलेली मुळं यांच्यावर काम सोपवतात.

इंग्रजी शब्दही फार जुना नाही. अमेरिकेत डेव्ह फोरमन आणि त्यांच्या बरोबरीच्या निसर्गरक्षक कार्यकर्त्यांत तो १९९० च्या सुमारास रुळला. १९९८ मध्ये मायकेल सूले आणि रीड नॉस या शास्त्रज्ञांनी त्याला नेमका अर्थ दिला. त्यांच्या मांडणीत तीन गोष्टी होत्या: मोठी गाभा क्षेत्रं, त्यांना जोडणारे भ्रमणमार्ग आणि मोठे मांसभक्षी प्राणी. युरोपात गेल्यावर अर्थ पसरला. तिथे चरणारी जनावरं, मोकळ्या केलेल्या नद्या आणि शेतीतून काढून घेतलेल्या जमिनीही त्यात आल्या. त्यामुळे आज या शब्दाचा गाभा सांगायचा तर असा सांगता येईल: तुटलेले नैसर्गिक व्यवहार पुन्हा सुरू होतील एवढं करायचं आणि पुढे काय घडेल ते ठरवण्याचा हट्ट सोडायचा.

आता ‘-ईकरण’ या शेपटाकडे बघू. संस्कृतात जे आधी नव्हतं ते होणं किंवा करणं दाखवायला च्वि नावाचा प्रत्यय आहे. त्याच्यापुढे ‘कृ’ धातू आला की ‘-ईकरण’ होतं आणि ‘भू’ आला की ‘-ईभवन’. पहिल्यात कुणीतरी करणारा असतो, दुसऱ्यात गोष्ट आपली आपण होते. मराठीनं हा भेद शाळेच्या पुस्तकांत उत्तम सांभाळला आहे. राष्ट्रीयीकरण सरकार करतं, एकत्रीकरण कुणीतरी घडवून आणतं. पण बाष्पीभवन आणि सांद्रीभवन कुणी करत नाही, ते होतं. ‘वाळवंटीकरण’ हा शब्द मला म्हणूनच खटकतो, पण तो आता रुळला आहे.

या हिशेबानं ‘वन्यीभवन’ हा शब्द व्याकरणानं निर्दोष आहे आणि अर्थानंही जवळचा आहे. शिवाय तो ‘वनीकरण’सारखा दिसत नाही, त्यामुळे कुणी खड्डे खणायला निघणार नाही. अभ्यासपूर्ण लेखात, अहवालात मी हाच वापरेन. ‘पुनः’ जोडायचं असेल तर जोडा, पण गरज नाही.

तरी ‘करण’ पूर्ण टाकून देता येत नाही, हेही मान्य करायला हवं. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९२६ पर्यंत लांडगे मारून संपवले गेले होते. १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून तिथे सोडले. हे सगळं माणसांनी केलं, तेही वर्षानुवर्षं भांडून. पण पुढे एल्क हरणांची संख्या घटली, काही ओढ्याकाठी विलोची झुडपं पुन्हा उंच झाली, हे कुणी करायला गेलं नाही. यातलं किती लांडग्यांमुळे आणि किती इतर कारणांनी, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. शब्दापुरतं बोलायचं तर लांडगे आणणं हे करण आणि त्यानंतरचं भवन.

पण माहितीपत्रक अहवालाच्या भाषेत लिहायचं नसतं. तिथे ‘वन्यीभवन’ शब्दही जड होईल. मग मराठीचा घरचा शब्द कोणता?

‘वन’ आणि ‘जंगल’ दोन्ही मला अपुरे वाटतात, कारण दोन्ही शब्द आज झाडांशी बांधले गेले आहेत. (आयुर्वेदाच्या ग्रंथांत ‘जांगल देश’ म्हणजे कोरडा, विरळ झाडांचा प्रदेश. आपण त्याच शब्दाला घनदाट करून टाकलं.) रीवाइल्डिंग गवताळ माळाचं होतं, दलदलीचं होतं, नदीकाठचं होतं. या सगळ्यांवर बसतो तो शब्द ‘रान’. संस्कृतातल्या ‘अरण्य’पासून प्राकृतातून झिजत तो आपल्याकडे आला आणि झिजता झिजता ऐसपैस झाला. माळरान रान असतं, गायरान रान असतं, काटेरी झुडपांचंही रान असतं. शेतकरी ‘रानात गेलाय’ म्हणजे शेतात गेलेला असतो. माणसाची वावरायची जागा आणि जनावरांची जागा एकाच शब्दात मावणं हा मला या शब्दाचा मोठा गुण वाटतो. इंग्रजी शब्दात ‘वाइल्ड’ म्हणजे माणसाबाहेरचं. ‘रान’ मुळात माणसाला बाहेर काढत नाही.

‘रान’चा एक त्रासही आहे. ‘रान माजलं’ ही तक्रार असते. ‘तण खाई धन’ हे ज्यानं पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं त्याला मोकळी वाढलेली जमीन म्हणजे हलगर्जीपणाच वाटणार. हे फक्त मराठी शेतकऱ्याचं मन नाही. इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यातल्या नेप या मालमत्तेवर, सुमारे १,४०० हेक्टरांवर, चार्ली बरेल आणि इझाबेला ट्री यांनी २००१ पासून टप्प्याटप्प्यानं नांगर थांबवला. चिकणमातीची जड जमीन होती, शेती तोट्यात होती. गुरं, घोडे, डुकरं आणि हरणं मोकळी फिरू दिली. शेजाऱ्यांनी नेमकी हीच तक्रार केली: चांगली शेतं तणानं घालवली. त्या तणा-झुडपांत काय चाललं होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. ओकचं बी एखादा पक्षी पुरून ठेवतो आणि विसरतो. उघड्यावर रुजलेलं रोप जनावराच्या तोंडी जातं. काटेरी जाळीत रुजलेलं रोप वाचतं आणि काही वर्षांनी जाळीच्या डोक्यावरून वर निघतं. म्हणजे ज्याला लोक ‘माजलेलं रान’ म्हणत होते, ते पुढच्या ओकांचं कुंपण होतं. २०२० मध्ये तिथे पांढऱ्या करकोच्यांनी पिलं काढली. ब्रिटनमध्ये मोकळ्यावर असं कित्येक शतकांत घडलं नव्हतं.

म्हणून ‘रान’ घ्या, पण त्याच्यापुढचं क्रियापद ‘माजणं’ ठेवू नका. माझ्या मते या विषयात मराठीला नव्या नामापेक्षा दोन जुनी क्रियापदं जास्त उपयोगी आहेत: सोडणे आणि राखणे.

‘सोडणे’ बघा. लांडगे सोडले, म्हणजे मोकळे केले. जमीन सोडली, म्हणजे तिच्यात हात घालणं थांबवलं. नदीला पाणी सोडलं. हट्ट सोडला. रीवाइल्डिंगमधल्या साऱ्या कृती या एका धातूत बसतात. पण ‘सोडणे’ एकटं राहिलं की त्याचं ‘वाऱ्यावर सोडणे’ व्हायला वेळ लागत नाही. नेदरलँड्समधल्या ऑस्टफार्डर्सप्लासन इथे तेच झालं. समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवरचा तो पाणथळ प्रदेश. तिथे गुरं, घोडे आणि तांबडी हरणं आणून सोडली आणि निसर्ग बघून घेईल असं धोरण ठेवलं. पण भोवती कुंपण होतं आणि आत शिकारी प्राणी नव्हते. २०१७-१८ च्या हिवाळ्यात ३,००० हून अधिक जनावरं मेली. त्यातली बहुतेक उपासमारीतून सोडवण्यासाठी गोळी घालून मारावी लागली. संतापलेले लोक कुंपणावरून आत गवताचे भारे फेकत होते. पुढे तिथल्या प्रांतिक प्रशासनानं जनावरांची संख्या मर्यादित ठेवायचं ठरवलं. मला त्या माणसांचा राग कळतो. मोकळं सोडणं आणि कोंडून सोडणं यांतला फरक धोरण लिहिणाऱ्यांच्या आधी त्यांना दिसला.

‘राखणे’ इथे कामाला येतं. या क्रियापदाचे तीन अर्थ आपण रोज वापरतो आणि तिन्ही इथे लागतात. पीक राखणं म्हणजे पहारा देणं. बी राखून ठेवणं म्हणजे पुढच्यासाठी शिल्लक टाकणं. आणि दाढी राखणं, केस राखणं म्हणजे न कापता वाढू देणं. न कापणं हीच जिथे कृती असते, तिथे वापरायला याहून नेमकं क्रियापद मला माहीत नाही. ‘कुरण राखलं’ या प्रयोगात तर तिन्ही अर्थ एकत्र येतात: गवत वाढेपर्यंत गुरं आत जाऊ द्यायची नाहीत, त्यासाठी कुणीतरी लक्ष ठेवायचं आणि नंतर ते सगळ्यांच्या उपयोगी पडायचं.

राखण्याचं उदाहरण द्यायचं तर मी पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशाचं देईन. १९८० च्या दशकात मराडी भागात टोनी रिनॉडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ झाडं लावून थकले होते. लावलेली बहुतेक रोपं मरत होती. मग त्यांचं लक्ष शेतातल्या खुरट्या झुडपांकडे गेलं. ती झुडपं नव्हतीच, तोडलेल्या झाडांचे बुंधे होते. खाली मुळं जिवंत होती, दर वर्षी फुटवे येत होते आणि पेरणीच्या आधी शेतकरी ते छाटून टाकत होते. उसाचा खोडवा ठेवतात तसा हा जमिनीखाली तयार असलेला झाडांचा खोडवाच म्हणायचा. पद्धत सोपी होती: एका बुंध्यावरचे चार-पाच जोमदार फुटवे धरायचे, बाकीचे काढायचे, खालच्या बाजूच्या फांद्या छाटायच्या आणि गुरांपासून नि कुऱ्हाडीपासून राखायचं. नायजरमध्ये अशा रीतीनं सुमारे ५० लाख हेक्टर जमिनीवर झाडं परतली, असा अंदाज उपग्रहचित्रांच्या आधारे केला गेला आहे. पण आधी एक अडचण होती. झाडांवर शेतकऱ्याचा हक्क नव्हता, ती सरकारची मानली जात. त्यामुळे शेतात झाड राखण्यात त्याला काही मिळत नव्हतं. सरकारची ही पकड व्यवहारात सैल झाली, तेव्हा कुठे ही रीत शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे पसरली.

तुमच्या शीर्षकातला ‘लोकसहभाग’ मला इथेच अडतो. ‘सहभाग’ म्हटलं की कार्यक्रम दुसऱ्या कुणाचा असतो. लोक त्यात भाग घेतात, सही करतात, फोटोत उभे राहतात. जिथे खरंच असंच आहे तिथे हा शब्द प्रामाणिक आहे, तो ठेवा. पण जिथे नियम लोकांनीच केले तिथे तो लोकांचं श्रेय कमी करतो. नेपाळच्या १९९३ च्या वन कायद्यानं गावांच्या गटांना वनाची व्यवस्था सोपवली. आज असे २२,००० हून अधिक गट आहेत. कधी गवत कापायचं, किती लाकूड काढायचं, नियम मोडला तर काय करायचं, हे ते ठरवतात. तिथल्या उजाड डोंगरउतारांवर झाडी परत आली त्यात या गटांचा मोठा हात आहे. याला ‘लोकसहभागातून’ म्हणण्यापेक्षा ‘गावानं रान राखलं’ म्हणणं खरं आहे. कर्ता पहिल्याच शब्दात येतो.

‘पुनर्स्थापना’बद्दल थोडक्यात. संस्कृत संधीप्रमाणे ‘पुनःस्थापना’ व्हायला हवं, पण मराठीत दोन्ही रूपं चालतात, त्यावर भांडण नको. माझी हरकत अर्थाला आहे. मूर्तीची, पुतळ्याची स्थापना होते. ती होती तशी, होती तिथे परत बसवता येते. निसर्ग तसा बसवता येत नाही आणि रीवाइल्डिंगमध्ये तो जसा होता तसाच करायचा आग्रहही नसतो. ‘पुनरुज्जीवन’ बरा, त्यात निदान जीव आहे. प्राणी परत आणण्याला ‘पुनर्वसन’ म्हणू नका. तो शब्द उठवलेल्या माणसांच्या वाट्याला आलेला आहे. वाघ-लांडग्यांसाठी माणसं उठवल्याच्या कहाण्या जगात पुष्कळ आहेत आणि तिथे एकच शब्द दोन्ही बाजूंना लावला तर अन्याय झाकला जाईल. ‘परत आणून सोडले’ एवढं पुरतं.

तेव्हा पत्रकात पहिल्यांदा ‘रीवाइल्डिंग’ असं देवनागरीत सरळ लिहा, एका वाक्यात अर्थ सांगा आणि पुढे ‘रान परतणं’, ‘रान राखणं’, ‘मोकळं सोडलेलं रान’ असं वाक्याच्या गरजेप्रमाणे वापरा. शीर्षकाला ‘आपण राखू, रान परतेल’ असं काही करून बघा. ‘रानटी’ मात्र टाळा, तो शब्द शिवी झाला आहे. विशेषण हवंच असेल तर ‘रानवट’ आहे.

एका जागी हे सगळं अपुरं पडतं ते समुद्रावर. समुद्राला कुणी रान म्हणत नाही आणि ओढूनताणून म्हणूही नये. ‘राखणे’ मात्र तिथेही चालतं. मेक्सिकोतल्या काबो पुल्मो इथे मासेमारी करणाऱ्या कुटुंबांनीच पुढाकार घेऊन आपला प्रवाळांचा पट्टा संरक्षित करवून घेतला. १९९५ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि मासेमारी बंद राहिली. १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तिथल्या माशांचं एकूण वजन ४६० टक्क्यांहून अधिक वाढल्याचं मोजणीत दिसलं. हा ‘राखलेला समुद्र’ झाला, आणि हे मराठीत वाचताना कुणाला अडखळायला होणार नाही.