शेजारच्याच्या पांढऱ्या लेन्सबद्दल

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं, सामन्यांचे फोटोही पाहिले. पत्रात खेळाडूंपेक्षा शेजारी उभ्या राहणाऱ्या फोटोग्राफरांचंच वर्णन जास्त आहे. ती पांढरी जाडजूड ४०० मिमी एफ २.८ ची लेन्स, तिच्यापुढे ऊन अडवणारं हातभर लांब हूड, खाली मोनोपॉड म्हणजे एका पायाचा स्टँड, गळ्यात दुसरी बॉडी, म्हणजे दुसरा कॅमेरा. ते सगळं बघून पोटात दुखतं असं तू सरळ लिहिलंस, बरं केलंस. हेवा करू नकोस असं मी सांगणार नाही, कारण ती लेन्स खरोखरच उत्तम असते. मला विचारायचंय ते एवढंच, की तिच्यावाचून तुझा नेमका कुठला फोटो अडला?

मागच्या दोन-तीन सामन्यांतले टाकून दिलेले शंभरेक फोटो काढ आणि प्रत्येकासमोर कारण लिही. खेळाडू फार लहान दिसतोय, म्हणजे अंतर. दाणेदार किंवा हललेला आहे, म्हणजे प्रकाश. चेंडू निघून गेल्यावर बटण दाबलंय, म्हणजे वेळ. फोकस खेळाडूऐवजी मागच्या कुंपणावर गेलाय, तो चौथा रकाना. पैसे टाकून यातलं काय सुटतं आणि काय सुटत नाही, हे मग दिसायला लागेल.

अंतरापासून सुरू करू, कारण खेळाडू लहान दिसतो हीच तुझी मोठी तक्रार आहे. फुलफ्रेम कॅमेऱ्यात प्रतिमा ज्यावर पडते त्या सेन्सरची उंची २४ मिमी असते. १.८ मीटर उंचीच्या खेळाडूने आडवी चौकट वरपासून खालपर्यंत भरायची तर त्याची प्रतिमा ७५ पट लहान व्हावी लागते. म्हणजे तो तुझ्यापासून फोकल लेंग्थच्या (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेल्या आकड्याच्या) साधारण ७५ पट अंतरावर हवा. ४०० मिमी लेन्ससाठी हे अंतर होतं ३० मीटर. आता तुझं बघ. तुझी लेन्स ७०-३००, सेन्सर १.५ पटीचा क्रॉप, म्हणजे फुलफ्रेमपेक्षा दीडपट लहान. ३०० गुणिले ७५ गुणिले १.५ म्हणजे जवळजवळ ३४ मीटर. ज्या लेन्सवर तुझा डोळा आहे ती फुलफ्रेमवर लावली, तर तिच्यापेक्षा तुझी पोच थोडी जास्तच आहे!

मग खेळाडू करंगळीएवढा का दिसतो? तू मध्यरेषेजवळ उभा राहतोस म्हणून. आंतरराष्ट्रीय मापाचं फुटबॉलचं मैदान १०५ बाय ६८ मीटरचं. मध्यरेषेच्या टोकापासून गोल साठ मीटरहून लांब पडतो. तिथून ४०० मिमीवालाही अर्धीच चौकट भरतो. तू गोललाइनच्या मागे जा. पेनल्टी क्षेत्राची कड जिथे गोललाइनला मिळते तिथून कॉर्नरच्या झेंड्याकडे चार-पाच मीटर सरक आणि रेषेपासून दोन-तीन मीटर मागे बस. जवळचा खांब वीस-एकवीस मीटरवर येतो आणि खेळाडू धावत येतात ते तुझ्याकडे तोंड करून. सूर्य पाठीशी किंवा बाजूला राहील असं टोक निवड. जोरदार संघ ज्या गोलवर चाल करतोय ते टोक मिळालं तर आणखी बरं. हौशी सामन्यांत तुला कुणी ठरावीक जागेवर खिळवून ठेवत नाही. आयोजकांना आणि पंचांना आधी विचारून घे, मुलांचा सामना असेल तर पालकांनाही, मग हाफटाइमला खुशाल टोक बदल. मैदानाच्या पलीकडच्या अर्ध्यात जे घडतंय ते मात्र सोडून द्यायचं. भर दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि एवढ्या लांबचा फोटो कितीही महागड्या लेन्समधून मऊच येतो.

मोठ्या लेन्सचं खरं देखणेपण आहे ते पार्श्वभूमीत, आणि त्या बाबतीत तुझा हेवा रास्त आहे. फोकल लेंग्थला एफच्या आकड्याने भागलं की लेन्सच्या छिद्राचा परिणामी व्यास मिळतो. त्या लेन्सचा ४०० भागिले २.८, म्हणजे १४३ मिमी. तुझ्या लेन्सचा ३०० भागिले ५.६, म्हणजे ५४ मिमी. फार दूरच्या पार्श्वभूमीतला एक बिंदू फोटोत जेवढा पसरतो, तो खेळाडूच्या अंगावर मोजला तर साधारण या व्यासाएवढाच भरतो. त्यांचा ठिपका चौदा सेंटिमीटरचा, तुझा पाचचा, म्हणून त्यांची पार्श्वभूमी जास्त धूसर होते. पण हे पार्श्वभूमी खूप दूर असेल तेव्हाचं. खेळाडू तुझ्यापासून वीस मीटरवर आणि कुंपण त्याच्या मागे आणखी वीस मीटरवर असेल, तर ठिपका निम्मा होतो. म्हणून जागा ठरवताना खेळाडू येतील तिथे बघच, पण त्यांच्या मागे काय आहे तेही बघ. उभ्या केलेल्या गाड्या, पाण्याच्या बाटल्यांचे ढीग, खांब, रंगीत छत्र्या टाळ आणि ज्या दिशेला मागे मोकळा पसारा आहे ती धर. दुसरं म्हणजे खाली बस, सरळ जमिनीवर. लेन्स खेळाडूच्या कमरेच्या उंचीवर किंवा त्याखाली आली की मागे जवळचं गवत न येता लांबची झाडं येतात. उडीही मग उंच दिसते. उभं राहून काढलेल्या फोटोंत सगळे खेळाडू जमिनीला चिकटलेले दिसतात ते याचमुळे.

त्या लेन्सला दुसरी बाजूही आहे, ती विसरू नकोस. वजन तीन किलोच्या आसपास. अडीच मीटरच्या आतलं तिला दिसतच नाही, त्यामुळे गोल झाल्यावर पोरं अंगावर धावून आली की ती खाली ठेवून दुसरी बॉडी उचलावी लागते. वीस मीटरवर एफ २.८ ला तिची फोकसची खोली (पुढेमागे जेवढा पट्टा स्पष्ट येतो तो) चाळीस-बेचाळीस सेंटिमीटर, तुझी एफ ५.६ ला मीटरभर. चेंडूवर झगडणारे दोघेही स्पष्ट येण्याची शक्यता तुझ्याकडे जास्त.

आता प्रकाश. कडक उन्हात एफ ५.६, १/१००० सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनक्षमता) १०० एवढ्यावर उघडीक, म्हणजे एक्स्पोजर, बरोबर बसते. १/२००० हवं तर आयएसओ २००. ढगाळ दिवशी आयएसओ ८०० च्या घरात. एफ २.८ आणि एफ ५.६ मधला दोन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) इथे कुणाच्या लक्षातही येत नाही. अडचण येते ती बंदिस्त हॉलमध्ये आणि संध्याकाळच्या दिव्यांखाली. ज्या हॉलमध्ये शेजारचा एफ २.८, १/५००, आयएसओ ३२०० वर काम करतो, तिथे तुला एफ ५.६ वर आयएसओ १२,८०० लागतो आणि १/१००० हवं तर २५,६००. तिथे तुझी लेन्स खरंच कमी पडते, यात तुझा काही दोष नाही.

मात्र त्यावरचा उपाय पांढरी लेन्स नाही. ८५ मिमी एफ १.८ ही छोटी, हलकी, झूम नसलेली लेन्स त्याच हॉलमध्ये १/५०० ला आयएसओ १२५० ते १६०० वर काम करते, म्हणजे त्या दणकट लेन्सपेक्षाही खाली. क्रॉप सेन्सरवर तिच्यात खेळाडू साडेनऊ मीटरवर चौकट भरतो. बास्केटबॉलचं कोर्ट २८ बाय १५ मीटरचं असतं. बेसलाइनच्या मागे, बास्केटच्या जरा बाजूला बसलास की उड्या पाच ते आठ मीटरवर होतात. हात वर गेले की चौकटीबाहेर जातील, म्हणून कॅमेरा उभा धर. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४ मीटर लांब. मागच्या कोपऱ्यातून समोरचा खेळाडू छान बसतो. एफ १.८ वर फोकस चुकायला जागा राहत नाही, तेव्हा शक्य असेल तिथे एफ २ किंवा २.२ वर ये.

हॉलमधली एक युक्ती फुकटची आहे. उडीच्या टोकाला शरीर क्षणभर थांबल्यासारखं असतं. खेळाडू पन्नास सेंटिमीटर उडाला तर सगळी उडी ०.६४ सेकंदात आटोपते आणि जमीन सोडताना त्याचा वेग सेकंदाला तीन मीटरहून जास्त असतो. पण सर्वोच्च बिंदूच्या आधी आणि नंतर ०.१ सेकंद धरलं, तर त्या सगळ्या काळात तो वरखाली जेमतेम पाच सेंटिमीटर सरकतो. तेवढ्या फटीत १/३२० सुद्धा पुरतं. हात आणि चेंडू थोडे हललेले येतील, पण चेहरा स्थिर येतो, आणि फोटोत आधी तोच बघितला जातो.

दिव्यांचं एक लक्षात ठेव. ५० हर्ट्झच्या विजेवर साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, ६० हर्ट्झवर १२०. त्यामुळे एकाच बर्स्टमधला (बटण दाबून धरून लागोपाठ काढलेल्या फोटोंमधला) एक फोटो उजळ, पुढचा पिवळट आणि काळपट येतो आणि माणसाला वाटतं आपला कॅमेराच हलका. तसं नाही. मेन्यूत अँटी-फ्लिकर असेल तर चालू कर, नसेल तर तीन-चार फोटोंचा बर्स्ट घे आणि उजळ तो ठेव. इलेक्ट्रॉनिक शटर हॉलमध्ये बंदच. पट्टे येतात आणि रॅकेट वाकडी दिसते. उघडीक मॅन्युअल ठेव, चेहऱ्यावर बेतून. ऑटोवर पांढरी जर्सी आली की कॅमेरा फोटो अंधारवतो, काळी आली की उजळवतो. आणि आयएसओ वाढवायला घाबरू नकोस. आयएसओ कमी ठेवून काळा काढलेला फोटो नंतर ओढून उजळ केला की सावल्यांत जो नॉइज (दाणेदारपणा) वर येतो, तो योग्य उघडीकीच्या ६४०० पेक्षा बऱ्याचदा वाईट असतो. २४ मेगापिक्सेलचा फोटो शेवटी दोन हजार पिक्सेल रुंदीचाच करून वाटणार असशील, तर नऊ पिक्सेलांचा एक होतो आणि नॉइज साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो. मॉनिटरवर शंभर टक्के मोठं करून बघण्याची सवय हे निम्म्या हेव्याचं मूळ आहे, असं माझं मत.

वेळेच्या रकान्यात पैसे फारसे कामाला येत नाहीत. चेंडू पायाला लागलेला असतो तो काळ साधारण १० मिलिसेकंद. सेकंदाला २० फोटो काढणारा कॅमेरा दर ५० मिलिसेकंदांनी एक फोटो काढतो, म्हणजे नुसतं बटण दाबून धरलं तर पाचातल्या चार वेळा त्याचाही तो क्षण निसटतो. तुझा पाच फोटोंचा कॅमेरा २०० मिलिसेकंदांनी काढतो. तिथे पहिला फोटो बरोबर बसवणं हाच मार्ग. माणसाची प्रतिक्रियाच सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास उशिरा येते, वर कॅमेऱ्याचा स्वतःचा उशीर. तेव्हा चेंडू पायाला लागलेला तुला दिसला, तर तो फोटो गेलाच. मारणारा पाय मागे जाऊन गुडघा पुढे यायला लागला की बटण दाबायचं. एक अख्खा सामना बर्स्ट बंद ठेवून काढ, फोटो वाया जाऊ देत. हात कधी लवकर आणि कधी उशिरा जातो हे बर्स्टमध्ये कळतच नाही.

फोकसचं थोडक्यात. सतत फोकस करणारा मोड, एक बिंदू किंवा छोटा झोन. जुन्या डीएसएलआरवर (आरशाच्या कॅमेऱ्यावर) मधलाच बिंदू, कारण तो बहुतेक सगळ्यात भरवशाचा असतो. तो छातीवरच्या आकड्यावर ठेव, तिथे कॉन्ट्रास्ट असतो. फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर दे आणि कृती घडायच्या अर्धा-एक सेकंद आधीपासून खेळाडूचा माग धर. ऐन वेळी दाबलेलं बटण कुंपणावर फोकस करून मोकळं होतं. रॉ मध्ये (प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइलींत) बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण, काही फोटोंतच भरून कॅमेरा अडत असेल तर उन्हातले सामने जेपेगमध्ये काढ. स्टॅबिलायझर तुझा हात थांबवतो, खेळाडूला नाही. १/१००० ला तो बंद असला तरी काही बिघडत नाही.

एवढं करूनही अंधाराचा रकाना भरलेलाच राहिला, तर खरेदीचा विचार कर. आधी ८५ एफ १.८. मग जुन्या पिढीची, वापरलेली ७०-२०० एफ २.८. नवी बॉडी सगळ्यात शेवटी. लेन्स आणि बॉडीच्या मध्ये लावून पोच वाढवणारा २ पटीचा टेलिकन्व्हर्टर घेऊ नकोस. तो दोन स्टॉप खातो, तुझी एफ ५.६ ची लेन्स एफ ११ होते आणि ऑटोफोकस जवळजवळ हात टेकतो. मोठी लेन्स हवीच वाटली तर एका संध्याकाळपुरती भाड्याने आण आणि त्याच हॉलमध्ये वापर. शेजारच्याशी बोलायलाही काय हरकत आहे? "आयएसओ किती ठेवलाय?" एवढ्या प्रश्नावर बहुतेक जण मोकळेपणाने सगळं सांगतात. कधीकधी असंही कळतं, की हिरव्या ऑटो मोडवरच चाललंय.

वापरलेली लेन्स घेताना ती आधी तुझ्या बॉडीवर ऑटोफोकस करते का बघ. काही जुन्या लेन्सना स्वतःची मोटर नसते आणि सुरुवातीच्या श्रेणीच्या बॉडीतही ती नसते. मागून टॉर्च मारून आत बुरशीचे धागे किंवा धूसरपणा दिसतो का तपास. अ‍ॅपर्चरच्या (छिद्राच्या) पात्यांवर तेल नको. झूम आणि फोकसची कडी खरखर न करता फिरायला हवी, आणि फोकस होताना किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर मोटर थकलेली आहे, किंमत कितीही कमी असो, सोडून दे. एफ २.८ वर, १० मीटरवर, जमिनीवर तिरक्या पसरलेल्या वर्तमानपत्रावर फोकस कर. धारदार पट्टा फोकसच्या जागेपुढे किंवा मागे सरकलेला दिसला आणि तुझ्या बॉडीत तो जागेवर आणणारी फाइन अ‍ॅडजस्टमेंट नसेल, तर ती लेन्स तुझ्या कामाची नाही. परत करायची मुदत मागून घे आणि त्या मुदतीत एक तरी पूर्ण सामना रात्रीच्या दिव्यांखाली काढ. दुकानाच्या उजेडात सगळ्याच लेन्स चांगल्या चालतात.

कळावे.